तीळ भिजेपर्यंत

बायजाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कशेळ्याच्या अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा जावई रुसून ताटावरून उठला, कुणाच्या कोंबड्या मुंगसानं नेल्या, कुठलीही खबर तिच्या कानात शिरली की तोंडातून बाहेर पडायला वाटेत विसावा म्हणून घेत नसे. बाई मनानं वाईट नव्हती हो. कुणाकडं दुखणं आलं की पेजेचं भांडं घेऊन पहिली तीच हजर. पण जाताना पेज न्यायची आणि येताना बातमी आणायची, असा तिचा व्यवहार. तिचा नवरा येसाजी दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस. लोक म्हणत, बिचाऱ्याच्या वाट्याचं बायकोच बोलून टाकते.

तर लढाईच्या सालातली गोष्ट. गणपती नुकतेच बोळवले होते. बायजाबाईचा मुलगा पोपट कर्जतला भाताच्या गिरणीत कामाला होता, तो सुट्टीचा घरी आला होता. बायजाबाई शेणी आणायला गोठ्यामागं गेली, तर कुडापलीकडं पोपट आणि त्याची बायको जयवंता हळू आवाजात बोलत होती. आता कानावर पडलं तर कान काय कापून ठेवायचे? बायजाबाई उभी राहिली.

"चौथा लागंस्तवर कुनाला म्हनू नका," जयवंता सांगत होती. "आत्याबायना तर नायच नाय."

"अगं, पन आईला न सांगून कसं चालंल?"

"त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाय. मागच्या येळी काय झालं, इसरलात का?"

बायजाबाईच्या हातातल्या शेणी तशाच राहिल्या. जयवंताला दिवस गेले होते! लग्नाला सहा वर्षं झाली होती. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा वाया गेले. दुसऱ्या खेपेला तर बायजाबाईनं कशेळ्याच्या बाजारात सुकटीच्या टोपल्यांपुढं उभं राहून सगळ्या बायकांना सांगितलं होतं, आणि आठवड्याच्या आत घरात रडारड झाली होती. दृष्ट लागली, असं सगळी म्हणाली. कुणाची लागली ते कुणी म्हणालं नाही. जयवंतानंही सासूला एका शब्दानं दुखवलं नव्हतं. पण म्हणजे पोरीच्या मनात ते तेव्हापासून होतं तर.

बायजाबाईला आनंद झाला आणि त्याच क्षणी असं काही लागलं, की डोळ्यांत पाणीच आलं. पाठोपाठ राग आला. 'मी काय वैरीण हाय हिची? माझंच नातवंड, अन् मलाच चोरून?' तणतणत ती घरात आली, शेणी चुलीपाशी आदळल्या आणि शिडी लावून माळ्यावर चढली. माळ्यावर आढ्याला, खालूनही दिसेल असा, पोपटाचा लहानपणीचा लाकडी पाळणा उलटा टांगून ठेवलेला होता. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. पण नुसता बघायला कुणाची ना आहे?

पाळण्याच्या दोन दांड्यांमध्ये कोळ्यानं घर केलं होतं. जाळंसुद्धा धड नव्हे, नुसता सैल गुंतवळा. त्यात एक कोळीण पाठ खाली, पोट वर करून लटकत होती. अंग भाताच्या दाण्याएवढं आणि पाय केसासारखे, हे लांबच लांब. असले कोळी घरोघरी असतात. कोण त्यांच्याकडं बघतं? बायजाबाईनं रागातच फूं करून फुंकर मारली. तशी ती कोळीण जागच्या जागी अशी गरागरा हलायला लागली, की दिसेनाशीच झाली. हळूहळू थांबली. तेव्हा कौलातल्या फटीतून आलेल्या उन्हात बायजाबाईला दिसलं, की कोळिणीच्या तोंडात काहीतरी आहे.

तिनं जवळ जाऊन निरखून पाहिलं. अंडी होती. तिळाएवढीसुद्धा नसतील, पण तिळासारखीच, एकमेकांना चिकटून गोळा झालेली. वर चार तंतू नावाला गुंडाळलेले. एवढी हलली, घुसळली, पण तोंडातला गोळा सुटला नव्हता.

"अगं बया!" बायजाबाई म्हणाली. "हिच्या तोंडात बरा भिजतो गं तीळ!"

तिला हसू आलं, मग रडू आलं. पदरानं डोळे पुसून ती पाळण्याखालीच बसून राहिली. एवढासा जीव, त्याला न कुणी आई शिकवायला, न सासू. आणि आपण डोईवर पांढरे केस घेऊन बाजारात ओरडत सुटलो. शिडीवरून उतरताना तिनं मनाशी ठरवलं, पोरगी आपण होऊन सांगेल तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. आपल्याला ठाऊक आहे, हेसुद्धा कळू द्यायचं नाही.

ठरवणं सोपं हो! दुसऱ्या दिवशी विहिरीवर चार बायका भेटल्या, आणि बायजाबाईची जीभ शिवशिवायला लागली. ती घाईघाईनं घरी परतली आणि मिसरीची मोठी चिमूट तोंडात कोंबली. मिसरी लावली की बोलता येत नाही, एवढा तरी फायदा. कुणी विचारलं तर गालाला हात लावून खूण करायची, दाढ दुखतेय. गावात बभ्रा झाला, बायजाबाईची दाढ किडली. येसाजीनं कशेळ्याहून लवंगा आणल्या आणि दोन दिवस बायकोकडं चिंतेनं बघून शेवटी विचारलं, "बरी हायेस ना गं? घर लई गप वाटतंय." एवढं लांबलचक वाक्य तो लग्नात नाव घेतानाही बोलला नव्हता.

पण गप्प बसून भागणार नव्हतं. जयवंता डोक्यावर पाण्याचा हंडा, कमरेला कळशी घेऊन विहिरीची चढण चढायची, ते बायजाबाईला बघवत नसे. नको उचलूस म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. मग तिनं आपली जीभच दुसऱ्या कामाला लावली. मिसरी थुंकून आली आणि कडाडली, "हंड्याला पोचा पाडलास? बापाच्या घरी तरी भरलं होतंस का कधी पानी? ठेव तो. आजपास्नं मीच आनीन!" पोचा पोपटाच्या लग्नातला होता. जयवंताचे डोळे भरून आले, पण हंडा खाली ठेवला. पुढं भातकापणी आली, तेव्हाही बायजाबाई म्हणाली, "तुझा हात चालत नाय. घरी बस अन् कोंबड्या राख." शेजारणी एकमेकींना सांगू लागल्या, म्हातारीला सून डोळ्यासमोर नको झालीय. बायजाबाईच्या कानावर ते आलं. ती घरी येऊन मिसरीचा डबा शोधू लागली.

रोज दुपारी जयवंता आडवी झाली, की बायजाबाई शिडी चढायची. कोळीण तिथंच. जाळ्यात डास अडकत, चिलटं अडकत. कोळीण पायांनी त्यांना गुंडाळून बाजूला लटकवून ठेवी, पण खाईना. खाणार कशी? तोंड गुंतलेलं. दिवसेंदिवस तिचं पोट चपटं होत चाललं. पलीकडच्या वाशावर तिच्याच जातीचा एक बारीकसा नर राहत होता, तो आपला लांब बसून असे, येसाजीसारखा. आजूबाजूला पांढऱ्या फटक कोळ्यांची मढी लोंबत होती. आधी बायजाबाईला वाटलं, मेलेले आहेत. मग कळलं, नुसत्या काती आहेत. सापासारखे हेसुद्धा कात टाकून मोठे होतात.

एके दिवशी एक काळा, केसाळ कोळी पाळण्याच्या दांडीवर आला. कोळिणीच्या चौपट असेल. बायजाबाईनं हातातला खराटा उगारला, पण त्याआधीच कोळिणीनं पाठ फिरवली आणि मागच्या लांब पायांनी तंतू फेकायला सुरुवात केली. लांबूनच हो, अंगाला अंग न लावता. काळ्याचा एक पाय गुंतला, मग दुसरा. शेवटी त्याचं गाठोडं झालं. एवढं सगळं करताना बाईनं तोंड म्हणून उघडलं नाही. बायजाबाई कौतुकानं बघतच राहिली.

मग नवरात्र आलं. घटस्थापनेआधी गावभर सारवण, धुणं, झाडलोट चालली होती. बायजाबाईनं घराची जळमटं काढली, भिंती सारवल्या, पाळण्याला तेवढा हात लावला नाही. जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू मागायला सोनुबाई आली. गावात बायजाबाईच्या तोंडाला तोंड देणारी एकच बाई, ती ही सोनुबाई. झाडू हातात घेताना तिची नजर सरळ माळ्यावर गेली.

"का गं बायजे? घर आरशावानी, अन् पाळन्याला तेवढी जळमटं?" ती म्हणाली. "बरोबरच हाय म्हना. पाळना हाललाच नाय, तर जळमटं झडतील कशी?"

आतल्या खोलीत जयवंता बसून देवाची पितळी भांडी घासत होती. घासण्याचा आवाज थांबला.

सोनुबाईनं आवाज खाली आणला, पण आत ऐकू जाईल एवढाच. "माझ्या भनीची पोर हाय, खालापुराकडं दिलेली भन माझी. पोर धट्टीकट्टी हाय. पोपटाचं दुसरं लगीन करून टाक. किती दिवस वाट बघशील?"

बायजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नुसतं एक वाक्य! एक वाक्य बोललं की हिचं तोंड कायमचं बंद होईल. वाक्य घशातून वर आलं, जिभेवर आलं, दातांना लागलं. तिनं वर पाळण्याकडं पाहिलं. मग दात घट्ट आवळले, मिसरीचा कडू रस तसाच गिळला आणि सोनुबाईच्या हातातला झाडू काढून घेतला.

"सून एक हाय," ती म्हणाली. "ती मला पुरंशी हाय. पोर झालं तरी, न झालं तरी."

"अगं, मी तुझ्या भल्याचं..."

"माझी दाढ दुखतेय, सोने. जा तू."

सोनुबाई फणकारत गेली. बायजाबाई झाडू मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. मग आत भांडी घासायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दसऱ्याच्या पुढंमागं अंडी फुटली. एका दुपारी बायजाबाईनं पाहिलं, तर तिळांच्या जागी पायच पाय. पांढुरकी पिल्लं, केसाच्या टोकाएवढ्या पायांची, आईच्या तोंडातल्या त्या गोळ्याला धरून बसलेली. दोन-तीन दिवस तशीच होती. मग एकेक करून जाळ्यावर उतरली आणि आईसारखीच उलटी लटकून राहिली. आणि त्या दिवशी कोळिणीनं एक डास धरला आणि सावकाश खाल्ला. बायजाबाईनं शिडीवरूनच नमस्कार केला. पुढं पिल्लांनी पहिली कात टाकली आणि एकेक पिल्लू वाशावाशानं निघून गेलं, ज्यानं त्यानं आपला कोपरा बघितला.

दिवाळीच्या तोंडावर, संध्याकाळी, बायजाबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होती. जयवंता येऊन शेजारी बसली. बराच वेळ तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं.

"आत्याबाय," ती म्हणाली, "एक सांगायचं व्हतं. मला... चौथा लागलाय."

बायजाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. हा क्षण तिनं मनात कितीदा घोळवला होता! तिनं दोन्ही हात गालांवर मारून घेतले. "अगं बया बया! खरंच का गं? कधी? अन् मला ठावच नाय! बघा तरी, घरात असून मला आंधळीला कायच दिसलं नाय!" तिनं जयवंताच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. डोळ्यांतलं पाणी मात्र खोटं काढावं लागलं नाही.

जयवंता हसली. तिच्या खांद्यावरचा भार उतरल्यासारखा दिसला. "तुमाला आधी सांगाया पायजे व्हतं. रागावू नका. अन् आता कुनाला म्हनलात तरी चालंल. सोनुबायला तुमीच सांगा. त्या दिवशी तिला काय म्हनलात, ते मी आतून ऐकलं व्हतं."

परवानगी! सोनुबाईच्या अंगणात जाऊन सांगायचं! बायजाबाई खरंच उठली, पदर खोचला, दारापर्यंत गेली. तिथून माळ्याची शिडी दिसत होती. ती घटकाभर उभी राहिली आणि परत येऊन चुलीपाशी बसली.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "घाई कसली? तीळ अजून जरा भिजू दे."

जयवंता चमकली. सासूबद्दल ते शब्द तिनं एकदाच काढले होते, गोठ्यामागं, पोपटापाशी. ती सासूकडं बघत राहिली. मग तिची नजर दाराशी पालथ्या घातलेल्या हंड्याकडं गेली, कोपऱ्यात टेकवलेल्या विळ्याकडं गेली. यंदा त्या विळ्याला तिचा हात लागला नव्हता. बायजाबाई खाली मान घालून, नसलेले खडे तांदळातून वेचत होती.

"आत्याबाय," जयवंतानं हळूच विचारलं, "तुमची दाढ आता कशी हाय?"

"कंची दाढ?" बायजाबाई म्हणाली.