रुहीकडे कुणी बघायचं नाही

रुहीने जन्मात पहिल्यांदा स्वतःहून काही तोंडात घातलं, त्या दुपारी घरात तिचा बाबा एकटाच होता आणि तोही घाईघाईत जेवत होता.

बाबाचं नाव गुरुदत्त. मूळचा नागपूरचा, अमेरिकेत सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. बायको सावनी पुण्याची, तीही त्याच क्षेत्रातली. तिची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा गुरुदत्तने आपली सुरू केली आणि दहा महिन्यांच्या रुहीचा सगळा दिवस त्याच्या हातात आला.

रुही वेळेच्या फार आधी जन्मली होती. काही आठवडे काचेच्या पेटीत काढून ती घरी आली ती नाकात नळी घेऊनच. नाकातून थेट पोटात जाणारी बारीक नळी, गालावर टेपने चिकटवलेली. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं एकदम करायला तेव्हा तिला जमत नव्हतं. पुढे जमायला लागलं. तपासणी झाली, गिळण्यात काही दोष नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तोवर रुहीने स्वतःचं ठरवून टाकलं होतं की तोंड हे खाण्यासाठी नसतंच. बाटली दिसली की ती मान फिरवायची. चमचा दिसला की ओठ असे मिटायची की जणू आत काही लपवलंय. केळं झालं, रताळं झालं, सफरचंद झालं. जिभेला थेंब लागला तरी उमासे.

बाकी सगळ्यात मात्र पोरगी धडाक्यात पुढे चालली होती. पालथी पडली, टाळ्या वाजवायला लागली, आणि नुकतीच आधाराशिवाय बसायला लागली होती. बसल्यावर दोन्ही हात मोकळे सापडतात हा शोध तिला भलताच आवडला होता. चष्मा, रिमोट, बाबाचे केस, जे दिसेल ते ती ओढायची. रोजच्या रोज काहीतरी नवीन. गुरुदत्त संध्याकाळी सावनीला दारातच गाठायचा. "आज तिने चिमटीने उचललं! दोन बोटांनी! गालिच्यावरचा धागा!" सावनी बॅग खांद्यावरून न उतरवताच व्हिडिओ बघायची, हसायची, आणि मग तिची नजर नळीत दूध सोडणाऱ्या कोपऱ्यातल्या पंपाकडे जायची. पुढच्या महिन्यात सर्जनची अपॉइंटमेंट होती. नाकातली नळी किती दिवस ठेवणार, त्यापेक्षा पोटाला लहानसं छिद्र करून तिथूनच दूध देऊ, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. ऑपरेशन छोटंच होतं. पण दहा महिन्यांच्या लेकराच्या पोटाला छिद्र, हे शब्द सावनीच्या घशाखाली उतरत नव्हते.

तर त्या दुपारी पंप घरघरत होता, नळीतून दूध चाललं होतं, आणि रुहीला मांडीवर घेऊन गुरुदत्त भात जेवत होता. खालच्या मजल्यावरच्या शैलजाकाकूंनी टोमॅटोचं सार पाठवलं होतं. वाटी कोमट झाली होती. गुरुदत्तने भात कालवायला मान खाली घातली, आणि तेवढ्यात रुहीची मूठ मनगटापर्यंत सारात बुडाली.

"अगं अगं अगं!"

तो टिश्यू शोधेपर्यंत मूठ तोंडात गेली होती.

रुहीचे डोळे गच्च मिटले. सगळं अंग शहारलं. नाकावर सुरकुत्या पडल्या. आता उलटी, म्हणून गुरुदत्तने सवयीने हात तिच्या हनुवटीखाली धरला. उलटी आली नाही. रुहीने एक डोळा उघडला. मग दुसरा. वाटीकडे बघितलं. मूठ पुन्हा सारात, पुन्हा तोंडात. पुन्हा तोच शहारा. आणि ती खिदळली.

गुरुदत्त हललासुद्धा नाही. श्वासही त्याने अर्धाच घेतला. पोरगी मूठ चोखत होती. लाल सार तिच्या कोपरावरून त्याच्या पँटवर ठिबकत होतं आणि तो मनात म्हणत होता, ठिबक, आणखी ठिबक. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. उठलो तर संपलं, हे त्याला कळत होतं. तो बसून राहिला. वाटीतलं सार निम्म्यावर आलं. गेलेल्यातलं निम्मं तिच्या अंगावर होतं हे खरं, पण निम्मंच.

सावनीने मीटिंगमधून बाहेर येऊन फोन उचलला. "काय झालं? नळी निघाली का?"

"नळी नाही! सार! तिने सार खाल्लं!"

"कुणी?"

"रुहीने!"

सावनी हळूच म्हणाली, "गुरू, असली चेष्टा नको करू यार."

"तुझी शपथ! स्वतः हात घातला, स्वतः चाटलं, परत घातला! हसली सावनी, हसली ती!"

"मी निघाले," सावनी म्हणाली, आणि लॅपटॉप तसाच टेबलावर ठेवून ती खरोखरच निघाली.

ती घरी पोचेपर्यंत गुरुदत्तने खाली जाऊन बातमी दिली होती. शैलजाकाकू उरलेलं सार पातेल्यासकट घेऊन वर आल्या. मागोमाग रवींद्रकाका. काका तीसेक वर्षं विमानांच्या कारखान्यात इंजिनीअर होते, आता निवृत्त. कुठलीही गोष्ट प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मानायची नाही ही त्यांची जुनी सवय. रुहीला उंच खुर्चीत बसवलं, पुढ्यात वाटी ठेवली. सावनी गुडघ्यांवर बसली, काकू तिच्या मागे, काका चष्मा पुसून वाकले, गुरुदत्तने फोन रोखला.

"खा ना राणी," सावनी म्हणाली.

रुहीने एकेक चेहरा न्याहाळला. ओठ मिटले. आणि तिने वाटीला असा फटका मारला की सार सावनीच्या ऑफिसच्या पांढऱ्या शर्टावर.

सावनी उठून बाथरूममध्ये गेली. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "तू खरंच बघितलंस ना?" तिने विचारलं. संशय नव्हता तो. पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

गुरुदत्तने मूठ पहिल्यांदा बुडाली तिथपासून सगळं पुन्हा सांगितलं, शहाऱ्यासकट.

दुसऱ्या दिवशी मेगन आली. ती लहान मुलांना खायला शिकवणारी थेरपिस्ट, दर आठवड्याला यायची. गुरुदत्तचं सांगून व्हायच्या आतच ती खुर्चीवरून उठली. "स्वतः हात घातला? आणि परत घातला?"

"परत, परत, परत!"

"आंबट होतं?"

"आंबट, थोडं गूळ, जिरं."

मेगनने दोन्ही मुठी हवेत नाचवल्या. "काही मुलांना चटकदार चवच लागते! आपण बसलोय केळं भरवत!" मग ती सावनीशेजारी बसली. "आता मी सांगते ते सगळ्यात अवघड आहे. तिच्याकडे बघू नका."

"म्हणजे?"

"विचार करा. ती जन्मल्यापासून तिच्या तोंडाजवळ जो कुणी आला तो काहीतरी करायलाच आला. नळी घालायला, टेप लावायला, औषध पाजायला. काल ते तोंड पहिल्यांदा तिचं स्वतःचं होतं. तुम्ही जेवा. तिच्यापुढे वाटी ठेवा. आणि दुसरं काहीतरी बोला."

रविवारी दुपारी जेवण ठरलं. काका-काकू वर आले. चौघं टेबलाभोवती बसले, रुही कोपऱ्यात उंच खुर्चीत. पुढ्यात तिची वाटी.

"विषय काय?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं. "आधी ठरवून घेऊ. नाहीतर गप्प बसलो की डोळे तिकडेच जाणार."

"तुम्हीच बोला. तुम्हाला विषय कमी पडत नाहीत," काकू म्हणाल्या.

काकांनी घसा खाकरला आणि छपराच्या पन्हळी साफ करण्यावर बोलायला सुरुवात केली. पाइनची पानं कशी अडकतात, पाणी कसं तुंबतं, मुलाच्या घरी गेल्या वर्षी काय झालं. सावनी "हो का?" म्हणत भाताचा एकच घास केव्हापासून चावत होती. गुरुदत्त मिठाच्या डबीकडे एकटक बघत होता. काकू पोळीचे इतके बारीक तुकडे करत होत्या की चिमण्यांना टाकावेत.

चपक, असा आवाज आला.

कुणी मान वळवली नाही. सावनीच्या समोर ओव्हनचं काळं काचेचं दार होतं. त्या काचेत तिला उंच खुर्ची अंधूक दिसत होती. एक छोटा हात खाली गेला. वर आला. तोंडाशी थांबला. पुन्हा खाली गेला.

टेबलाखाली सावनीने गुरुदत्तची मांडी इतक्या जोरात दाबली की तो कळवळला.

"बोला ना काका," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "पानं अडकतात, मग?"

"मग," काका म्हणाले. त्यांच्या बाजूने रुही सरळ दिसत होती, म्हणून त्यांनी नजर छताला लावली होती. "मग शिडी लावायची. शिडी... घट्ट धरायला माणूस हवा खाली. आणि पानं ती... एकेक करून..." त्यांचा आवाज फुटला. "एकेक करून काढायची."

काकूंनी पदराने डोळे टिपले. "मिरची लागली," त्या पोळीकडे बघत म्हणाल्या. ताटात मिरची नव्हती.

चपक, चपक. मग एक ढेकर, चांगला मोठ्या माणसासारखा. आणि रुही ओरडली, "आऽऽ!"

आता मात्र कुणालाच राहवलं नाही. चौघंही वळले. केसांपासून बेंबीपर्यंत लाल झालेली रुही रिकामी वाटी खुर्चीवर आपटत होती. सावनीने तिला तशीच उचलून छातीशी धरली आणि खोलीभर गरागरा फिरली. काका टाळ्या वाजवत होते. गुरुदत्त हसत होता की रडत होता ते त्यालाही कळत नव्हतं.

एका वाटी साराने पोट भरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण डॉक्टरांनी व्हिडिओ बघितला (यावेळी फोन फळीवर आधीच लावून ठेवला होता) आणि सर्जनची अपॉइंटमेंट पुढे ढकलली. मग म्हणाले, "आता तिला भूक म्हणजे काय ते कळू दे. पंप तिचं पोट कधी रिकामं होऊच देत नाही. दिवसाचं नळीतलं दूध हळूहळू कमी करू. वजनावर मी लक्ष ठेवतो."

पुढचे आठवडे कठीण गेले. दूध कमी केलं आणि वजनाचा काटा जागच्या जागी थांबला, एकदा तर किंचित मागेही आला. सावनी ऑफिसमधून दिवसभर मेसेज करायची. गुरुदत्त उत्तरं द्यायचा. आज कढी चाटली. आज वरणात बोट. आज काहीच नाही. आज माझ्या पोळीचा तुकडा पळवला आणि चोखला! रुही खायची, पण खेळल्यासारखी, मन लागेल तेवढंच. भुकेची म्हणून तिने अजून कधी तक्रार केली नव्हती. जन्मापासून ती कधी भुकेने रडलीच नव्हती.

मग एका शनिवारी तिघं सिॲटलहून परत येत होती. हायवेवर गाड्या खोळंबलेल्या. मागच्या सीटवर रुही कुरकुरायला लागली, आणि बघता बघता तिने असा सूर लावला की काचा हादरल्या. सावनी मागेच बसली होती. तिने डायपर बघितला. कोरडा. नळी बघितली. जागेवर. कपाळाला हात लावला. ताप नाही. खुळखुळा दिला तर तो फेकून दिला. हे रडणं वेगळंच होतं. थांबून थांबून, रागावलेलं, काहीतरी मागणारं. रुहीने सावनीचं बोट पकडलं, तोंडात ओढलं, त्यातून काही येत नाही म्हणून आणखी चिडली.

"गुरू," सावनी म्हणाली. "गुरू, गाडी थांबव."

"काय झालं?"

"तिला भूक लागलीय."

"काय?"

"भूक! तिला भूक लागलीय रे!"

पहिल्या एक्झिटला त्याने गाडी बाहेर काढली आणि एका बागेच्या पार्किंगमध्ये उभी केली. डब्यात वरणभात होता, वर लिंबू पिळलेलं. गुरुदत्तने दार उघडलं, सावनीने चमचा पुढे केला. ज्या चमच्याला बघून रुही मान फिरवायची, तोच. रुहीने रडणं मध्येच तोडलं आणि तोंड उघडलं. पूर्ण, कानापर्यंत. चमचा आत गेला. गिळलं. तोंड पुन्हा उघडलं. चमच्याला उशीर झाला की ती दोन्ही पाय सीटवर आपटत किंचाळायची.

"रडतेय बघ! कशी रडतेय!" गुरुदत्त पार्किंगमध्ये उड्या मारत होता.

कुत्र्याला फिरवणारी एक बाई थांबली. मूल किंचाळतंय आणि बाप नाचतोय हे तिला काही बरं दिसेना. बाळ ठीक आहे ना, असं तिने इंग्रजीत विचारलं.

"तिला भूक लागलीय!" गुरुदत्तने दोन्ही हात पसरून सांगितलं.

बाईने सीटमधल्या लालबुंद चेहऱ्याकडे बघितलं, गालावरच्या टेपकडे बघितलं, आणि तिला काय उमगलं कोण जाणे, ती हसून म्हणाली, "मग अभिनंदन!"

नळी पूर्ण निघायला उन्हाळा उजाडला. ऑपरेशन झालं नाही. डॉक्टरांनी अपॉइंटमेंट कॅन्सल केली तेव्हा गुरुदत्तची रजा संपत आली होती. ज्या सकाळी नळी शेवटची निघाली त्या सकाळी सावनीने रुहीचा उघडा गाल कितीतरी वेळ आपल्या गालाला लावून धरला. नळी बदलतानाचं एखादं मिनिट सोडलं, तर तो गाल तिने असा, टेपशिवाय, कधी बघितलाच नव्हता. रुहीला मात्र या लाडात काडीचा रस नव्हता. आईच्या खांद्यावरून झुकून ती टेबलावरच्या धिरड्याकडे हात लांब करत होती आणि पोचत नाही म्हणून तारस्वरात ओरडत होती.