बिनगुळाचा चहा

"डॉक्टरनं चाय बंद केली बाई, राग नोको धरू." दारव्ह्याहून निघालेल्या जीपमध्ये विमलताई अंग चोरून बसल्या होत्या आणि हेच वाक्य घोकत होत्या. अंग तरी किती चोरणार! ब्याऐंशी किलोंचा देह, वर रक्तात साखर. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, दिवसाला पंधरा-सोळा कप गोड चहा पोटात गेल्यावर दुसरं काय होणार?

पण तो काय त्यांनी हौसेनं ढोसला होता? तीस वर्षांपूर्वी नर्सबाई म्हणून त्या पहिल्यांदा तांड्यावर गेल्या, तेव्हा एकही आई लेकराला सुई टोचू देईना. जमनी तर दारात आडवी उभी राहिली. "आमच्या घरचं पानी बी तुले चालत नसन, अन् लेकरू तुह्या हाती कायले देऊ?" विमलताई सरळ चुलीपाशी फतकल मारून बसल्या. "चाय मांड," म्हणाल्या. दूध नव्हतं. गुळाचा काळा चहा त्यांनी बशीत ओतून भुरके मारत संपवला, तेव्हा कुठं जमनीनं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग काय, ज्या घरी सुई त्या घरी चहा. नाही म्हणायची सोयच नव्हती. काय दिवस होते ते!

आज जमनीनंच 'एकदा भेटून जाय' म्हणून निरोप धाडला होता. तिच्या घरापर्यंत ओळीनं पंधरा दारं. प्रत्येक दारात नाही म्हणायचं, याचीच विमलताईंनी सकाळपासून धास्ती घेतली होती.

तांड्यावर उतरल्यावर पहिल्याच दारात एका नव्या सुनेनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या घराला कुलूप. तिसऱ्या ओट्यावर दोन तरणेबांड गडी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. त्यांच्या दंडावरचे लशीचे व्रण विमलताईंच्याच हातचे. पुढच्या दारांतही कुणीच चहाचं नाव काढलं नाही. सुटले बाई, असं वाटायला हवं होतं. उलट रडूच आलं मेलं.

"इकडे ये बाई!" जमनीची हाक आली. पार वाकली होती, पण आवाज तोच. बसायला घोंगडी टाकली, पुढ्यात काळा चहा ठेवला. विमलताईंनी घोकलेलं वाक्य बाजूला ठेवलं. मरू दे ती साखर, म्हणत त्यांनी घोट घेतला.

कडू! त्यात गुळाचा कणही नव्हता.

"जयानं सांगतलं मले," जमनी म्हणाली. जया तिच्या थोरल्या लेकीची लेक. दारव्ह्याच्या दवाखान्यात नर्स आहे आणि परवा तिनंच विमलताईंची साखर तपासली होती. "म्हने, गोड पाजशीन तं मारशीन तिले."

मग जमनीनं आपला कप उचलला. तोही बिनगुळाचाच. जन्मभर मूठभर गूळ टाकून पिणारी ती म्हातारी तोंड वेडंवाकडं करत एकेक घोट रेटू लागली.

"तू काहून कडू पिऊन राह्यली? तुले कोनी मना केलं?"

"तवा तू माह्यासाठी पेली ना."

विमलताईंनी कप तळापर्यंत संपवला, पदरानं डोळे पुसले आणि रिकामा कप पुढं केला.

"जमने, अजून अर्धा टाक."