विद्युल्लतेचं लग्न

विद्युल्लता हे नाव मालकांच्या मेव्हण्याने ठेवलं. कॉमिकचा लेखक तोच. प्रत्येक फुग्यात ते 'द्यु' आणि 'ल्ल' कोंबताना माझी बोटं आखडतात, पण त्याला काय त्याचं, त्याला फक्त सुचतं. मी अक्षरं काढणारी. चित्रकार पानं रंगवून देतो, पात्रांच्या तोंडाशेजारचे फुगे रिकामे सोडतो, आणि मेव्हण्याच्या कागदावरचे संवाद मी त्यांत भरते.

बाई मोठी गुणाची. दुसऱ्याच अंकात तिने कोसळणारा पूल एका हाताने धरला. दुसरा हात कमरेवर, कारण चित्रकाराला ती तशीच आवडते. उंच टाचांचे बूट घालून ती गच्च्यांवरून धावते. त्याने धावणारी बाई बहुधा पाहिलेलीच नाही. पोशाखाला खिसा नाही. घराची किल्ली कुठे ठेवते, असं विचारलं तर म्हणाला, "तिला किल्ली कशाला? ती उडते." तरी मला ती फार आवडायची. तिला 'कुठे निघालीस' असं कोणी विचारत नव्हतं.

तिसऱ्या अंकाच्या वेळी मालक म्हणाले, "लग्न लावून टाका तिचं. बाईमाणूस किती दिवस उड्या मारणार?"

"इन्स्पेक्टरशी लावू," मेव्हणा म्हणाला. हा इन्स्पेक्टर दोन्ही अंकांत बुडता बुडता वाचला होता, तिच्याच कृपेने.

"मग पुढचे अंक?" मी विचारलं.

"इन्स्पेक्टर आहे की."

शेवटचं चित्र माझ्या टेबलावर आलं. विद्युल्लता खाली बघत मुखवटा आणि केप इन्स्पेक्टरच्या हाती देते आहे. मेव्हण्याचं वाक्य होतं, 'आजपासून आपलं घर हेच माझं जग!' मी शाईत टाक बुडवला आणि मला सणकून राग आला. लग्नाआधी मी शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ती शिडी आता पंखे पुसायला आहे.

मी फुग्यात लिहिलं, 'अहो, एवढं धुवून ठेवा. संध्याकाळी कामावर जायचंय मला.'

मालकांनी पानं चाळली. फुगे कोण वाचतं, लोक चित्रं बघतात, असं त्यांचं ठाम मत. "छान लाजलीये," म्हणाले आणि पानं छापायला पाठवली.

अंक विक्रीला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मालक चुरगळलेल्या शर्टात आले आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले. आता आपल्याला नारळ, हे मी ओळखलं.

"आमच्या हिने वाचलं," ते म्हणाले. "इस्त्री अर्धवट सोडून. मग मलाही वाचून दाखवलं. दोनदा." ते खुर्चीत बसले. "ती विचारतेय, संध्याकाळी विद्युल्लता गेली कुठल्या कामावर?"

"ते पुढच्या अंकात येईल."

"मग तुम्हीच लिहा. पण लेखक म्हणून नाव मेव्हण्याचंच राहील. घरचा माणूस आहे."

मी खाली बघितलं, अगदी विद्युल्लतेसारखं. मुखपृष्ठावरची नावंही मीच काढते, आणि मालक फक्त चित्रं बघतात.