अजून आठ दिवस

सारंगखेड्याच्या यात्रेतल्या शर्यतीत फत्तेसिंग आपली घोडी चंद्री पळवणार होता. पैज अशी, की हरेल त्याने आपलं जनावर जिंकणाऱ्याच्या हाती द्यायचं.

म्हणून दिवाळीच्या पाडव्यापासून तो रोज सकाळी सातपुड्याच्या पायथ्याहून घोडी घेऊन शिरपूरला चुडामण आबांकडे येई. आबांनी पुण्याच्या रेसच्या तबेल्यात तीस वर्षं मोतद्दारी, म्हणजे घोड्यांची निगा, केलेली. पन्नाशीत अक्षरं गिरवली, तीही घोड्यांच्या सरावाचे आकडे वाचता यावेत म्हणून. आता बायको झुंबरबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात एकच ताट मांडलं जाई.

नदीच्या कोरड्या पात्रात चंद्री बाभळीपासून बंधाऱ्यापर्यंत पळे. आबा घड्याळ धरत, वहीत लिहीत. मग ओट्यावर दोघांचा चहा होई.

“आबा, तुना आठ दिन कवय सरतीन?” फत्तेसिंग हसून विचारी. “घोडी तयार शे का नही?”

“अजून आठ दिवस,” आबा म्हणत, आणि दुसऱ्या कपासाठी आधण ठेवत.

यात्रा चार दिवसांवर आली, तेव्हा आबांनी वही पहिल्यापासून वाचली. बावन्न सेकंद, पन्नास, अठ्ठेचाळीस. पुढे तीन आठवडे पुन्हा पन्नास, एकावन्न. बाजूला त्यांचीच वाकडी अक्षरं : ‘हरभरा अर्धाच खाल्ला.’ ‘कूस आत ओढलेली.’ हात लिहीत होता आणि मन बघत नव्हतं.

फत्तेसिंग आला तसे ते म्हणाले, “पैज सोड.”

“काब्र? तूच ते म्हने, घोडी वारा शे!”

“होती. तीन आठवड्यांपूर्वी. तेव्हाच सराव कमी करायला हवा होता. आता थकली.”

“मंग तवय सांगं काब्र नही?”

आबांनी वही मिटली. “सांगितलं असतं, तर तू यायचा बंद झाला असतास.”

फत्तेसिंग बराच वेळ चंद्रीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. चहा तसाच निवला.

“लोक हसतीन, आबा.”

“हसू दे. घोडी तुझ्या दारात राहील. महिनाभर पळवू नकोस. आणि इथवर आणू नकोस. एवढी वाटही तिला जड आहे.”

तो निघाला. वळणावर त्याने चंद्रीवरून उतरून लगाम हातात घेतला आणि तिच्या शेजारून पायी चालू लागला.

दुसऱ्या दिवशी आबांनी सवयीने दोन कपांचं आधण ठेवलं. मग वही उघडली, तारीख घातली, आणि सेकंदांच्या जागी लिहिलं : ‘आराम.’