तोफ

बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा लेक बाळंत झाली. ही असती तर तिने सगळं निभावलं असतं. मी कुलपं दुरुस्त करणारा माणूस; मला बाळंतिणीचं काय कळणार? लेक जेवेना, तिचा डोळा लागेना, दूध कमी पडू लागलं. जावई म्हणाला, बाबा, घरी येऊन दोघींना सांभाळणारी बाई लावू. मी म्हटलं, बाई मी शोधतो.

मन लावून शोधली. हलक्या पावलांची, हळू बोलणारी, काम करताना स्वतःशी गुणगुणणारी. थेट हिच्यासारखी.

दुसऱ्या सकाळी ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. लेक पलंगावरून उठून धडपडत दारापर्यंत गेली. बाईचं तोंड दिसलं तशी भिंतीला टेकून खाली बसली. त्या दिवशी तिने बाळालाही जवळ घेतलं नाही.

तेव्हा कळलं, बाई मी लेकीसाठी नाही, माझ्यासाठी शोधली होती. तिला हात जोडले, खरं कारण सांगितलं. तिनेच दुसरीचा पत्ता दिला. कामाला चोख, पण फटकळ आहे म्हणाली, चालेल का? मी म्हटलं, तशीच पाहिजे. आणि तडक निघालो.

दुसरी आली ती दार आपटूनच. जावयाने तासाभरात तिचं नाव तोफ ठेवलं. तोफेने खिडक्या उघडल्या, जावयाला लंगोट वाळत घालायला पिटाळलं आणि नात माझ्या हातात दिली. मला जमणार नाही, म्हणालो.

"कुलपं उघडता ना, आबा? हिला तर किल्लीही लागत नाही."

मग ती ताट घेऊन लेकीसमोर बसली. लेक म्हणाली, भूक नाही.

"आई कशी जेवायला घालायची तुला?"

आईचं नाव आमच्या घरात कोणी काढत नव्हतं. मी दारातच थांबलो.

"ओरडून," लेक म्हणाली. "ताट संपेपर्यंत उठू द्यायची नाही."

खरंच की. मी विसरूनच गेलो होतो.

"मग मीपण ओरडते. घे घास."

मी नातीला घेऊन बाहेर बसलो. आतून तोफेचा आवाज येत होता, अजून एक, अजून एक. थोड्या वेळाने तोंड भरलेलं असतानाच लेकही तिच्यावर ओरडली, पुरे म्हणते ना. झोपलेली नात दचकली, पण जागी झाली नाही. जावई दार लावायला निघाला. मी त्याला म्हटलं, राहू दे उघडं.