पिंडापुढचा शब्द

अवधूतने पिंडाची पत्रावळ कठड्यावर ठेवली आणि हात जोडून तो मागे सरकला. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. त्याच्या वडिलांच्या, ज्योतीरामच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर जमलेली भावकी माना वर करून उभी होती. ऊन चढत चाललं होतं.

गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि तसं कबूल करायचं, म्हणजे कावळा शिवतो. एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. सोपानकाका म्हणाले, "वैनीला काई कमी पडू देनार न्हाई रं, ज्योतीराम." चुलतबहीण तेजल म्हणाली, "काका, बांधावरचं भांडण मिटवतो आम्ही." कावळे ढिम्म.

मग सगळ्यांच्या नजरा अवधूतकडे वळल्या. त्या वळणार हे त्याला माहीतच होतं.

अवधूत पोकर खेळायचा, चेहऱ्यावर काही न दाखवता पैसे लावायचा पत्त्यांचा डाव. गंमत म्हणून नव्हे, तोच त्याचा पोटापाण्याचा उद्योग. गोव्याच्या स्पर्धांत नाव झाल्यावर तो कासारवाडीच्या फ्लॅटमध्ये, आईवडिलांसोबतच राहून, आपल्या खोलीचं दार लावून कॉम्प्युटरवर देशोदेशीच्या लोकांना खेळ शिकवायचा, शिकवणीचे व्हिडिओ टाकायचा. या कामावर त्याचा फार जीव होता. भावकीच्या लेखी मात्र तो शिकलासवरलेला जुगारी. चाकणच्या कंपनीत उमर काढलेल्या ज्योतीरामने त्याला कधी बोल लावला नाही, पण कौतुकाचा शब्दही काढला नाही. दादा गप्प म्हणजे नाराज, असं अवधूतने केव्हाच धरून टाकलं होतं. समोरच्याचा चेहरा कसा वाचावा हे जगाला शिकवणाऱ्या या शहाण्याने घरात तेवढी तसदी घेतली नव्हती.

"बोल की," सोपानकाका हलक्या आवाजात म्हणाले. "पत्ते सोडतो म्हन. दुसरं काय आसनार हाय त्याच्या मनात?"

"काका, माझं काम आहे ते."

"आरं, बाप भुकेला हुबा हाय तिथं."

अवधूतचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अजून थोडं थांबलं की एखादा कावळा भाताला उतरणारच, हा हिशेब त्याने सवयीने करूनही ठेवला होता. पण 'बाप भुकेला' हे त्याला सोसेना. तो पुढे झाला.

"दादा," तो म्हणाला, "आजपासून पत्त्यांना हात लावणार नाही. शिकवणारही नाही."

एक कावळा उतरला, भाताला चोच लावून उडाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. काकांनी अवधूतच्या पाठीवर हात ठेवला.

"लई चांगलं केलंस, बाबा. मोकळा झाला त्यो."

घरी त्याची आई, सारजाबाई, दाराशीच बसून होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना घाटाच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या.

"शिवला का रं?"

"शिवला."

"काय कबूल केलं मग?"

"पत्ते सोडले, आई."

त्या लेकाकडे बघतच राहिल्या.

"पिंडापुढं बोललास?"

"हो."

पिंडापुढं दिलेला शब्द मागे घेता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. सारजाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"न्हाई रं. त्यांच्या मनात तसलं काईच नव्हतं. तुझे व्हिडिओ बघायचे ते मोबाइलवर. दुपारचं मला समोर बसवून, चिंचोके लावून खेळायचे, तू शिकिवतोस तसंच. एकदा पोरासंगं बसायचंय म्हनायचे. पन तुझं दार लावलेलं आसायचं. कामात हाय त्यो, हटकू नगं, म्हनायचे."

अवधूत उंबऱ्यावरच बसला. त्याला आता शब्दाचं दुःख नव्हतं, कामाचंही नव्हतं. दादा त्या बंद दाराशी येऊन परत फिरले असतील, तेवढंच डोळ्यांपुढून हलेना. तरी तोंडून निघाला तो शिकवणाऱ्याचाच प्रश्न.

"जिंकायचे का?"

"कुठलं! रोज मीच जिंकायचे," सारजाबाई म्हणाल्या. "पानं चांगली आली की ते हसायचे."