तारामाशाची एकेचाळीस मिनिटं

सागरविज्ञान केंद्राच्या मागच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीचा सिमेंटचा हौद होता आणि त्यात नऊ प्राणी नोकरीला होते. चार तारामासे, तीन समुद्रकाकड्या आणि शंखाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारे दोन खेकडे. कामाचं स्वरूप एकच. शाळांतली मुलं यायची, बाह्या वर करायची आणि त्यांना हात लावायची. मुलांना समुद्राची ओळख व्हावी म्हणून ही सोय होती. प्राण्यांना मुलांची ओळख हवी होती का, हे कुणी विचारलं नव्हतं.

हौदवाले काका एकवीस वर्षं ही ओळख करून देत होते. तेच ते बोलून त्यांचा घसा आणि तिथंच उभं राहून त्यांचे गुडघे साधारण एकाच वर्षी गेले. "याचं तोंड कुठंय?" या प्रश्नाचं उत्तर ते झोपेतसुद्धा देतात, अशी बायकोची तक्रार होती. एकदा व्याही मुक्कामाला असताना दुपारच्या झोपेत त्यांनी ते मोठ्यानं दिलंही होतं.

पूर्वी दिवसाला एकच तुकडी यायची. तिघंजण हौदात कामावर, बाकीचे पलीकडच्या टाकीत विश्रांतीला, असं काकांनी बसवून दिलं होतं. मग वरून पत्र आलं की समुद्राची ओळख झालेल्या मुलांचा आकडा वाढला पाहिजे. आता रोज सहा तुकड्या येत आणि नऊच्या नऊ प्राणी कामावर.

तारामासा उलटा ठेवला की आपला आपण सुलटा होतो. तब्येत ठणठणीत असेल तर तीन-चार मिनिटांत. काका आठवड्यातून एकदा घड्याळ लावून मोजत आणि खडूनं भिंतीवर लिहीत. सगळ्यात थोरला होता थोटूशेठ. एक हात तुटून पुन्हा अर्धाच उगवला म्हणून हे नाव. त्याचे आकडे चार, सात, पंधरा, बावीस असे चढत गेले होते. एक दिवस तो सुलटा होणारच नाही, आणि मग संपलंच, हे काकांना दिसत होतं.

त्यांनी संचालक मॅडमना सांगितलं होतं. मॅडम वाईट नव्हत्या. सागरी प्रवाहांवर त्यांनी मोठा प्रबंध लिहिला होता, पण गेली अकरा वर्षं त्यांनी फायलींखेरीज कशाचाच प्रवाह पाहिला नव्हता. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, "प्राणी मेला तर त्याला रकाना आहे, काका. प्राणी दमला, हे मी कुठं लिहू?"

त्या मंगळवारी काकांनी काही बंड वगैरे केलं नाही, तेवढा उत्साहच नव्हता. त्यांनी फक्त आठ प्राणी पलीकडच्या टाकीत सोडले, पहिल्या तुकडीच्या चाळीस मुलांना हात मागं बांधायला लावले आणि थोटूशेठला हौदात उलटा ठेवला. आधीच दमलेल्याला आणखी दमवतोय, हे त्यांना टोचत होतं. पण भिंतीवरचे आकडे कुणी वाचत नव्हतं. हा सुलटा होईपर्यंत बघायचं, ते म्हणाले. किती वेळ लागेल, असं कुणीतरी विचारलं. त्यालाच विचार, काका म्हणाले.

पाच मिनिटं ढकलाढकलीत गेली. दहाव्या मिनिटाला खोली गप्प झाली. एरवी पोटाखाली असणारे शेकडो बारीक पाय, शेवयांसारखे, आधार शोधत वळवळत होते आणि आधार मिळत नव्हता. दोन वेण्यांची एक मुलगी दर मिनिटाला हलक्या आवाजात आकडा सांगत होती.

ती पंचवीस म्हणाली तेव्हा मॅडम आल्या. दुसरी तुकडी फाटकात उभी होती आणि तिचे मास्तर तापले होते. आवरा आता, असं मॅडमनी सांगितलं, पण कुणी हललं नाही. हौदात एवढं काय आहे म्हणून त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

एकेचाळिसाव्या मिनिटाला एका हाताचं टोक तळाला चिकटलं. मग दुसऱ्याचं. थोटूशेठ घडी मोडल्यासारखा हळूहळू वळला आणि सुलटा झाला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एक मुलगा म्हणाला, मला भूक लागली.

"छान झालं हे," मॅडम म्हणाल्या. "काका, सहाही तुकड्यांना हेच दाखवू."

काकांनी भिंतीला पाठ टेकली.

वेण्यांच्या मुलीनं आधी हौदात पाहिलं, मग मॅडमकडे. "म्हणजे याला परत उलटं करणार?"

मॅडमनी उत्तरासाठी तोंड उघडलं. चाळीस मुलं वाट बघत होती, आणि वाट बघायची सवय त्यांना आत्ताच लागली होती.

"नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. मग काकांकडे वळून, जरा चिडूनच, "पण उरलेल्या दोनशे मुलांना दाखवू काय मी?"

"पाणी दाखवा," काका म्हणाले. "पाणी दमत नाही."

मॅडम तरातरा निघून गेल्या. पाच मिनिटांनी त्यांनी काचेची पेटी, गरम पाणी, बर्फ आणि निळी शाई मागवली. गरम पाण्यात एका कडेनं बर्फगार निळं पाणी सोडलं, तसं ते सरळ खाली गेलं आणि तळाशी पसरत चाललं. ध्रुवाकडचं गार पाणी असंच बुडतं आणि समुद्राच्या तळानं शेकडो वर्षं चालत राहतं, असं त्या सांगत होत्या. मास्तरांनीसुद्धा आ वासला होता. चौथ्या तुकडीपर्यंत मॅडमच्या बाह्या कोपरापर्यंत निळ्या झाल्या होत्या, आणि सहीसाठी आलेल्या पत्रावर सहीपेक्षा बोटांचे ठसेच जास्त होते.

प्रत्येक तुकडीला चार बादल्या गरम पाणी लागायचं. नळ व्हरांड्याच्या त्या टोकाला. सहाव्या तुकडीच्या वेळी काका बादली ठेवून पलीकडच्या टाकीजवळ क्षणभर थांबले. थोटूशेठही आता तिथंच होता. नऊच्या नऊ तळाला चिकटून निवांत पडले होते. त्यांच्या वाटचं सगळं काम आज काकांनी एकट्यानं ओढलं होतं.

"काका, अजून एक बादली," मॅडमचा आवाज आला. बऱ्याच वर्षांनी तो मोठा झाला होता.

"आलो," काका म्हणाले, आणि गुडघ्यांना न विचारता वाकले.